पापणी दिसेपर्यंत

रोज पोलादाचा पहिला तुकडा घासून झाला की ती तो डोळ्यापाशी धरायची. त्यात स्वतःची पापणी दिसली, तरच काम झालं. म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला आरसेवाली म्हणत.

त्या सकाळचा तुकडा क्रेनच्या आकड्यासोबत, म्हणजे हुकासोबत, यंत्राने छापलेला नमुना होता. यंत्र पोलादाची भुकटी पातळ पसरतं, लेझर ती वितळवतो, वर पुढचा थर. असा अख्खा आकडा उभा राहतो. भुकटी कुठे कच्ची राहिली तर थरांमध्ये फट उरते. आणि इतकं कडक पोलाद वाकून इशारा देत नाही, थेट तुटतं. हा आकडा बंदरातल्या नाही, इथल्याच आवारातल्या क्रेनला लागणार होता. क्रेनखाली ओझ्याला हात लावून वळवणारा माणूस तिचा नवरा. म्हणून तिने तुकडा जरा जास्तच घासला.

"एकही फट नाही!" इंजिनिअर मॅडम सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत म्हणाल्या. "मावशी, हा तर फ्रेम करून लावा." आणि त्यांनी आकडा पास झाल्याचं कळवून टाकलं.

दुपारी घासायची फिरती चकती पुसताना तिचा हात थांबला. वरचं कापड झिजून गुळगुळीत झालं होतं. अशा कापडावर फार घासलं की पोलाद लोण्यासारखं सरकतं आणि फटींची तोंडं बुजतात. या यंत्राच्या तुकड्यांत दोन-चार काळे ठिपके नेहमी असायचे. आज एकही कसा नाही?

तिने नवं कापड लावलं. तुकडा आम्लात बुडवला, हलकेच घासला, पुन्हा बुडवला. भिंगाखाली थर माशाच्या खवल्यांसारखे उमटले. त्यांच्यामध्ये एक काळी, लांबट फट. शेजारी दुसरी.

तिने मॅडमना बोलावून दाखवलं. मॅडम क्रेनच्या ऑफिसला फोन लावत राहिल्या. तिने नवऱ्याला लावला. रिंग वाजत राहिली, तुटली, पुन्हा वाजली.

"काय गं, आत्ताच? ओझं उचलायला घेतलंय."

"अहो, बाजूला व्हा. सगळ्यांनाच बाजूला करा. तो आकडा चांगला नाही."

"पास आहे म्हणे. तूच घासलास ना?"

"मीच घासला. म्हणून तर सांगतेय!"

पलीकडे त्याची आरोळी ऐकू आली, "ए, थांबव! खाली घे!" मग साखळ्यांची खडखड. ती फोन कानाला दाबून उभी. खडखड संपेचना.

"उतरवलं," तो अखेर म्हणाला. "तुझ्या आरशात माझं मरण दिसलं की काय?"

ती स्टुलावर बसली.

"येताना दूध आणा," ती म्हणाली.