बियाण्याची साळ

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की हिब्रूत खाण्याला आणि नष्ट करण्याला एकच क्रियापद आहे. त्या भाषेत आग गाव खाते, तलवार माणसं खाते. तेव्हापासून मला आमच्या इमारतीशेजारच्या चांदे गावची एक बाई आठवते आहे, म्हणून लिहिते.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा ती इमारतीच्या फाटकापाशी भाजी विकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. जुडी देण्याआधी ती मुळांची माती आपल्या ओच्यात झटकून घ्यायची. "तुमाला कशाला माती? तुमी वर ऱ्हाता," म्हणायची.

पुढे तिच्या दिरांनी शेत बिल्डरला विकलं. तिथे आमच्या इमारतीचं नवं पार्किंग होणार होतं. पेरणीच्या दिवसांत ती फडक्यात साळ बांधून माझ्या दाराशी आली.

"कांडून घ्या, बाई, आन् शिजवा."

साळीत निरगुडीचा पाला होता, बियाण्याला कीड लागू नये म्हणून घालतात तसा. "हे तर बियाणं आहे," मी म्हटलं.

"व्हय. उपाशी मेलं तरी बी खात न्हाईत आमच्यात. पोरं भुकेनं रडायची तवाबी सासूनं हात लावू दिला न्हाई. पर आता पेरू कुटं? तुमच्या गाड्यांखाली?"

ती हसली. फडकं झटकून, घडी घालून निघून गेली. फाटकाशी पुन्हा दिसली नाही.

साळ मी कांडून आणली. भाताचा वास जिन्यापर्यंत गेला. शेजारणीने दुकानाचा पत्ता विचारला.

मूठभर साळ मी तशीच ठेवली होती. यंदा त्यातली थोडी कुंडीत पेरली, ती उगवली नाही. उरलेली बरणीत आहे, निरगुडीच्या पाल्यासकट.