ताटाची डावी बाजू

तापलेल्या मोटारीचा किंचित जळका वास आणि त्यात मिसळलेला हिंगाच्या फोडणीचा दरवळ! गेली दोन वर्षं आमच्या घरातली दुपार या संमिश्र गंधानेच सुरू होते. मिक्सर आधी घुसमटतो, मग त्याला एकदम कंठ फुटतो, आणि कसब्यातल्या आमच्या दोन खोल्या त्या कर्कश निनादाने भरून जातात. खालच्या मजल्यावरच्या मुमताजभाभी जिन्यात भेटल्या की विचारतात, "काय वहिनी, गिरणी काढली का?" त्यांना काय सांगू? वरणभात वेगळा फिरवायचा, भाजी वेगळी, कोशिंबीर वेगळी, आणि दर वेळी मध्ये भांडं विसळायचं. हा सारा सोहळा एकाच माणसासाठी चालतो आणि तो माणूस माझा नवरा आहे.

ह्यांच्या उजव्या गालात कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेत गालाचा आणि जबड्याचा काही भाग गेला, पुढे किरणोपचारांनी लाळ आटली, चव मावळली. आता तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. भेटायला येणारा प्रत्येक जण खुर्चीत टेकायच्या आत हळहळतो, "विडीलासुद्धा कधी न शिवलेला माणूस हो!" ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हे खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथे दारातच काडेपेटी काढून घेत, त्यामुळे ओढणारे थोडे आणि चुना लावून तंबाखू मळणारे उदंड. ह्यांनीही उभी नोकरी गालात चिमूट धरून काढली आणि निर्व्यसनी म्हणून मिरवून घेतलं. मग गालात काय ठेवलं होतं, तुळशीपत्र? पण हे वाक्य मी पाहुण्यांपुढे गिळते, कारण गिळणं ही क्रिया आमच्या घरात निदान एकाला तरी नीट जमायला हवी.

सांगत होते मिक्सरचं. दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या मुलीने किती सोपं करून दिलं होतं! "काकू, सगळं एकत्र फिरवा, वरून तूप घाला आणि पेल्यातून द्या." मी तसंच केलं. पेला पुढे ठेवला. ह्यांनी आत डोकावून पाहिलं, एखाद्या नापास मालाकडे पाहावं तसं, आणि तो दूर सारला. दुसऱ्या दिवशी तेच आणि तिसऱ्या दिवशीही तेच. वजनकाट्यावरचा आकडा उतरत गेला आणि डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की असंच चाललं तर नाकातून नळी पुन्हा घालावी लागेल. त्या नळीने ह्यांचे काय हाल झाले होते ते मी पाहिलेलं आहे. तरीही पेला म्हटला की मान आडवी!

मग एके दिवशी ह्यांनी बोटाने टेबलावर एक वर्तुळ काढलं. डावीकडे एक टिंब, उजवीकडे एक, मध्ये एक. ताट हवं होतं महाराजांना! डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भाताची मूद. सगळं वाटलेलं, पण ज्याच्या त्याच्या जागी. चटणीचा कण लागला तरी ज्याच्या तोंडाची आग होते, लिंबाच्या नुसत्या वासाने ज्याचे डोळे भरतात, त्या माणसाला ताटात चटणी आणि लिंबू हवं! कशासाठी? पाहायला?

पण खरं सांगू? पाहायलाच. जिभेला जे उरलं नाही ते डोळ्यांनी जेवावं, एवढाच त्यांचा हट्ट असावा. चव गेली तरी जेवणाची रीत जात नाही. आणि रीत राहिली की माणूस जेवतो, नुसता भरवला जात नाही. हे शहाणपण मला भांडी घासता घासता सुचलं, त्यामुळे ते मी फार कौतुकाने सांगत नाही. एवढं मात्र खरं, की त्या ताटावर हे जेवू लागले. प्रत्येक वाटीतला एकेक घास, ठरलेल्या क्रमाने, सावकाश. वजन उतरायचं थांबलं आणि माझ्या नाकी नऊ आले.

आणि मग, पुढची तपासणी तोंडावर आली असताना, ह्यांनी पुन्हा जेवण थांबवलं! बाहेरच्या खोलीत ह्यांचं ताट मांडून मी आत भाजी फिरवत होते. मध्येच वीज गेली. मिक्सर मूक झाला आणि आमच्या घराला विसर पडलेली शांतता अवचित पसरली. वीज येईतो उभं राहून काय करायचं, म्हणून मी नेहमीसारखं आधीच्या भांड्याच्या तळाला उरलेलं वरण चमच्याने खरवडून खाऊ लागले. माझं जेवण हल्ली असंच होतं, ओट्याशी उभ्याउभ्या. त्यात वेळ वाचतो आणि एक ताटही वाचतं. खरवडल्याचा आवाज बहुधा बाहेर गेला. हे दारापर्यंत आले, क्षणभर पाहत राहिले आणि परत जाऊन बसले. मी भाजीची वाटी तशीच अर्धवट वाटलेली नेली, तर हात मांडीवर, ताट जसंच्या तसं.

"अहो, आता काय कमी आहे? मीठ आहे, लिंबू आहे, ती तुमची शोभेची चटणी आहे! नळी घालून घ्यायची आहे का परत?" मी चांगलीच कडाडले. हे उठले. मांडणीवरून दुसरं ताट काढलं आणि माझ्या जागेवर ठेवलं. त्यात मीठ वाढलं, लिंबाची फोड ठेवली, चटणी वाढली, कोशिंबीर वाढली. सारं डावीकडे, ओळीत. मग त्या अर्ध्या उघडणाऱ्या तोंडाने, एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "तू... बस. मग... मी."

माणूस हट्टी आहे, हे मी लग्नापासून जाणते. पण एवढ्या दिवसांत ह्यांच्या घासांची, वजनाची, औषधांची काळजी वाहताना माझ्यापुढे ताट नसल्याचं मलाच कळलं नव्हतं, आणि ते ह्यांना कळलं. मला भरून आलं आणि त्याचाही रागच आला. मी बसले.

आता रोज दोन ताटं मांडावी लागतात. ह्यांचं जेवण संपेपर्यंत समोर बसून राहावं लागतं, माझी आमटी गार होते, धुण्याचा खोळंबा होतो, आणि घासायच्या वाट्या वाढल्या त्या वेगळ्याच. मिक्सर थांबला की बाहेरून टेबलावर टकटक होते, मी आले नाही तर पहिला घास उचलला जात नाही. भाभी हल्ली विचारतात, "काय वहिनी, गिरणी लवकर बंद?" ती मोटार थंड होत असते, हिंगाचा वास अजून रेंगाळत असतो, आणि हे आपल्या ताटातली, कधीच न खायची ती लिंबाची फोड उचलून माझ्या वरणभातावर पिळतात. बिया पडतात त्यात. रोज पडतात. दहादा सांगून झालं, अहो, बी काढून पिळा. ऐकतील तर शपथ!