दहा मिनिटं पुढचा कॅमेरा

स्क्रीनवर देवरावकाका बशीतून चहा पीत होते, आणि त्याच वेळी लेथ मशीनबद्दल बोलतही होते. ओठ बशीला, आवाज खणखणीत.

नितीनदादा, म्हणजे आमचे प्रोड्युसर, माझ्या खुर्चीमागे उभे होते. "हे काय होऊन राहिलं? फाइल कॉपी करताना काही गडबड केली का वं तू?"

"नाही," मी म्हटलं.

हिंगण्याच्या एका कारखान्यातले फोरमन देवरावकाका रिटायर होत होते. संध्याकाळी त्यांचा निरोप समारंभ होता आणि त्यात आमची फिल्म दाखवायची होती. शूटिंगच्या वेळी काका म्हणाले होते, "आमच्या घरच्यांनी आतून कारखाना कधी पाह्यलाच नाही. म्हणून सगळं बोलून दाखवतो." घरच्यांनी म्हणजे काकूंनी. मग एकेका मशीनपाशी थांबून ते बोलत गेले होते.

आमचा एडिटर बिजॉय कोलकात्याला असतो. मूळ व्हिडिओ फार जड, म्हणून मी त्यांच्या हलक्या कॉप्या करून त्याला पाठवते. त्यांना प्रॉक्सी म्हणतात. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असतो, तो मी सांभाळते. दोन्हीकडे प्रत्येक क्षणाची वेळ नोंदली जाते, तिला टाइमकोड म्हणतात. सॉफ्टवेअर वेळ जुळवून चित्राला आवाज लावतं. बिजॉयला मराठी येत नाही, त्यामुळे बराच भाग जोडून होईपर्यंत त्याला काही खटकलं नव्हतं.

"दीदी, फाइल करप्ट है," तो कॉलवर म्हणाला. अशा कॉलवर मी बहुतेक माइक बंद ठेवून चॅटमध्ये लिहिते. लिहिलं, 'बघते.'

दादांनी घड्याळाकडे पाहिलं. "दुपारपर्यंत नाही जमलं तर बोलणं काढून टाक. गाणं लावून देऊ. चालून जाते."

चाललं असतंही. पण मग काकूंना नुसत्या मशीनच दिसल्या असत्या.

फाइल खराब असती तर चित्र अडकलं असतं, आवाज तुटला असता. इथे दोन्ही स्वच्छ होते, फक्त एकमेकांचे नव्हते. ओठ पाहून जुळवायचं तर काका बहुतेक वेळ मशीनकडे तोंड करून बोललेले. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकमध्ये नुसती घरघर. त्या घरघरीच्या वर ऐकू येईल असं काय होतं?

भोंगा. शूटिंग चालू असताना पाळी बदलण्याचा भोंगा झाला होता आणि सगळ्यांनी कान झाकले होते.

रेकॉर्डरमध्ये तो बरोबर तीनला सापडला. कॅमेऱ्यात तीन वाजून दहा मिनिटांच्या आसपास.

मी कॅमेरामन विलासभाऊंना फोन लावला. मेसेज केला असता तर त्यांनी संध्याकाळी पाहिला असता.

"भाऊ, तुमच्या कॅमेऱ्यात आत्ता किती वाजलेत?"

"काहून वं? बंद पडला का?"

"नाही. घड्याळ पुढे आहे का?"

"आहे नं. दहा मिनटं पुढंच ठेवतो मी. घरचं भिताडावरचंही तसंच हाय."

"पण कॅमेऱ्यातलं कशाला?"

"मले सांग, शूटिंगले कधी उशीर झाला का मले?"

नव्हता झाला. मी फोन ठेवला.

भोंग्यावर भोंगा ठेवून मी नेमका फरक काढला आणि पहिल्यांदाच माइक चालू करून बिजॉयला सांगितलं, की काकांचे सगळे आवाज एवढे पुढे सरकव. मूळ फाइल पुन्हा पाठवायची गरज नव्हती. थोड्या वेळाने तो ओरडलाच, "दीदी, होंठ मिल गए!"

"गाणं नको मग," दादा म्हणाले. त्यांच्याकडून ही शाबासकीच.

संध्याकाळी कारखान्याच्या कँटीनमध्ये फिल्म लागली. काका पडद्यावर लेथवर हात ठेवून म्हणाले, "हे माझी पहिली मशीन. इचा आवाज बदलला का मले झोपेतही समजते."

पुढच्या रांगेत काकू शेजारणीला म्हणाल्या, "पाह्य वं, घरी तं यांच्या तोंडातून शब्द निघत नाही!" सगळे हसले. काका खाली पाहत राहिले. काकू पडद्यावरून नजर काढत नव्हत्या.

आता प्रत्येक शूटिंगआधी मी सगळ्यांची घड्याळं एकत्र लावते, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. विलासभाऊंच्या कॅमेऱ्यातली वेळ तेव्हापासून अगदी बरोबर असते. ते स्वतः मात्र दहा मिनिटं उशिरा येतात.