टिचकी

लग्न होऊन घरात आली त्याच्या दुसऱ्याच सकाळी तिने नवऱ्याला कपाला टिचकी मारताना पाहिलं. चहा ओतायच्या आधी त्याने एकेक कप कानाशी धरला, नखाने टिचकी मारली, मान डोलवली आणि मग कप खाली ठेवला. माणूस दिसायला बरा आहे पण डोक्याने जरा कमी असावा, असं तिला वाटलं. मग कळलं की त्याच टिचकीवर त्याचं पोट होतं. तो कपबशांच्या कारखान्यात तपासनीस होता. भट्टीतून निघालेला कप टिचकीला खणखणीत वाजला तर चांगला, बद्द वाजला तर आत कुठेतरी तडा गेलेला, मग तो डोळ्यांना दिसो न दिसो. दिवसाला दोन हजार कप त्याच्या नखाखालून जायचे.

आणि जित्याची खोड ती. सुट्टीच्या दिवशी तो कलिंगडाला टिचकी मारायचा, दरवाजाला मारायचा, मुलीच्या कंपासपेटीला मारायचा. सासऱ्यांच्या टकलासमोर मात्र हात मागे बांधून बसायचा, एवढं भान त्याला होतं. गल्लीत त्याचं नाव टिचकीभाऊ पडलं ते कायमचं. कारखान्यात ज्या कपांवरची नक्षी चुकायची ते कामगारांना वाटून टाकत, त्यामुळे घरात एकासारखा दुसरा कप नव्हता. तिच्या कपावर फूल उलटं चिकटलेलं होतं, देठ वर आणि पाकळ्या खाली. चौदा वर्षं ती त्याच कपातून चहा पीत आली.

कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने शेवटच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवला आणि गोड बोलून निरोप दिला. टिचकीभाऊ दुपारीच घरी आला, चप्पल काढून बसला आणि म्हणाला, झालं. दुसऱ्या दिवशी त्याने चहा ओतला तो कप न वाजवताच.

तिचं पडदे शिवायचं काम होतं, घरातच, खिडकीपाशी मशीन टाकून. त्यावर तिघांचं भागणार होतं का? नव्हतं. पण दुसऱ्या शहरातून मोठ्या दिरांचा फोन आला, की इथे गोदामात जागा आहे, ये, माझ्याकडे राहा, तेव्हा तिने नवऱ्याला सांगून टाकलं की मुलीची परीक्षा होईपर्यंत कुठे जायचं नाही. तोवर इथेच काहीतरी बघा, मी ओढते गाडी. नाहीच जमलं तर मग जा. गोदामातला माणूस तीन-चार महिन्यांनी एकदा घरी येतो, हे तिने शेजारच्या घरात पाहिलं होतं. त्या घरातली पोरं बापाला पाहुण्यासारखं बसायला खुर्ची द्यायची. आपल्या घरात तसं होऊ द्यायचं नाही, यासाठी तिने कंबर कसली होती.

मग घर काटकसरीला लागलं. भाजी बाजार उठता उठता आणायची, म्हणजे विकणाराच गयावया करतो. बस बंद, पायी चालायचं. साबणाचे उरलेले तुकडे एकमेकांना चिकटवून जो गोळा व्हायचा त्याला मुलगी ‘संयुक्त कुटुंब’ म्हणायची. इस्त्री फक्त शर्टाच्या पुढच्या भागाला, कारण मागून कोण बघतं. केस टिचकीभाऊच कापायचा. पहिल्या खेपेला मुलगी दोन दिवस टोपी घालून हिंडली, तिसऱ्या खेपेला शेजारीण विचारायला आली की कुठल्या पार्लरमधून कापलेस. स्वयंपाकही त्यानेच हाती घेतला. पहिला आठवडा घरात जे शिजलं त्याला नाव नव्हतं, पण कुणी ताटात टाकलं नाही. जुन्या पडद्याच्या कापडातून तिने मुलीला दप्तर शिवून दिलं, तर वर्गातल्या दोघींनी तसंच मागितलं. त्या दोन दप्तरांच्या पैशांत एका रविवारी तिघं आइस्क्रीम खाऊन आली आणि चालत परतली.

खरं सांगायचं तर दिवस वाईट नव्हते. दुपारी मशीन चालू असायची, तो बाजूला बसून पडद्यांना हुक लावायचा, मुलगी दोघांना धडे वाचून दाखवायची. अंथरूण छोटं होतं, पण तिघं पाय दुमडून मजेत होती. एकच गोष्ट तिला टोचत होती. घरात टिचकी वाजत नव्हती. इतकी वर्षं त्या आवाजाकडे तिचं लक्षही नसायचं. आता तो नाही म्हणून ती रोज सकाळी कान देऊन बसायची.

परीक्षेला महिना उरला असताना तिला मोठं काम मिळालं. नव्या इमारतीच्या कॉन्ट्रॅक्टरला बारा फ्लॅटचे पडदे हवे होते. मापं घ्यायला ती नवऱ्याला घेऊन गेली. तो शिडीवर चढून टेप धरायचा, ती लिहून घ्यायची. शेवटच्या फ्लॅटमध्ये ती वहीत आकडे तपासत असताना तिला आतून आवाज आला. टक. टक. टक. मग जरा थांबून, बद्द.

ती आत धावली. टिचकीभाऊ न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून टाइलला टिचक्या मारत होता. आणि नेमकं तेव्हाच फ्लॅट घेणारं जोडपं कॉन्ट्रॅक्टरबरोबर दारात उभं. बाईंनी सहज विचारलं, हे काय करताय? एखाद्याने सांगितलं असतं, काही नाही, किल्ली पडली. पण खोटं बोलायला वेळ लागतो आणि टिचकीभाऊला चांगलं-वाईट क्षणात सांगायची सवय. तो म्हणाला, ‘‘ही बद्द आहे. ही पण. आत पोकळी राहिलीय, वर्षभरात उचलतील.’’

कॉन्ट्रॅक्टरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जोडपं निघून गेलं आणि मग त्याने दोघांना जे सुनावलं त्यातलं सांगण्यासारखं एवढंच की पडद्यांचं काम रद्द.

घरी चालत येताना टिचकीभाऊ मान खाली घालून चालला होता. शेवटी म्हणाला, ‘‘मी माझ्याच हाताने तुझ्या पायावर धोंडा मारला. दादाला कळवतो. परीक्षा संपली की रविवारीच निघतो.’’

तिने विचारलं, ‘‘बद्द किती होत्या?’’

‘‘एकतीस. ओट्यामागच्या धरून.’’

‘‘मोजल्यात?’’

तो ओशाळला. ती रस्त्यातच थांबली आणि हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, ‘‘अहो, पाच महिन्यांनी टिचकी मारलीत तुम्ही. पडदे गेले खड्ड्यात. तुम्ही गप्प झालात याचीच भीती वाटत होती मला.’’ काम गेल्याचं दुःख तिला झालंच नाही असं नाही. पण त्याहून आनंद मोठा होता.

तरी नवरा शब्दाचा पक्का. परीक्षा संपली, शनिवारी त्याने बॅग भरली. संध्याकाळी दार वाजलं. पाहतात तर कॉन्ट्रॅक्टर. नाक मुठीत धरून आलेला. त्या बाईंनी सगळ्या फ्लॅटवाल्यांना गोळा केलं होतं, आणि आता बाराही जणं एकच म्हणत होती: तो टिचकीवाला माणूस हो म्हणेल तेव्हाच ताबा घेऊ. शिवाय पुढच्या दोन इमारतींचंही काम सुरू व्हायचं होतं. फरशी बसवणाऱ्यांच्या मागोमाग तपासत जायला माणूस हवा होता.

टिचकीभाऊने आधी त्याला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाला, ‘‘बद्द असेल तर मी बद्दच म्हणणार.’’

‘‘म्हणा,’’ कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘‘पण लोकांसमोर नको, आधी मला सांगा.’’

‘‘आणि पडद्यांची मापं आमच्या वहीत आहेत अजून,’’ टिचकीभाऊने आठवण करून दिली.

कॉन्ट्रॅक्टरने हात जोडले. पगार कारखान्यापेक्षा कमीच होता, म्हणजे संयुक्त कुटुंब साबणदाणीत राहणारच होतं. तिने चहा टाकला. तिचा उलट्या फुलाचा कप सकाळपासून सापडत नव्हता. मुलीनेच फोडला असणार म्हणून मुलीला बोलणीही बसली होती. तिने दुसरे कप मांडले. टिचकीभाऊने पाहुण्याचा कप उचलला, कानाशी नेला, टिचकी मारली आणि मग पुढे केला. कॉन्ट्रॅक्टर मुकाट्याने प्यायला.

तो गेल्यावर तिने बॅग ओढली आणि एकेक कपडा काढून फडताळात ठेवू लागली. तळाशी एका शर्टाच्या घडीत काहीतरी कडक हाताला लागलं. उलगडलं तर तिचा कप, उलटं फूल वर करून निजलेला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘‘तिथे सकाळी वाजवायला काहीतरी हवं ना.’’

 तिने मुलीला हाक मारून आधी तिची माफी मागितली. मग कप धुतला, पुसला, कानाशी धरला आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा स्वतः टिचकी मारली. खणखणीत होता.