आजोबांची शिफारस

तिरफळाचा वास आला की मी पुन्हा शिरोड्याच्या त्या स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहते. आम्ही नुकतीच खानावळ काढली होती आणि सासूबाईंनी साधी पाटीही लावू दिली नव्हती. "जेवलेलो माणूसच धा जणांक सांगता," हे त्यांचं ठाम मत. त्या दुपारी शेजारचे आजोबा तिरफळ घातलेलं बांगड्याचं सार बोटं चाटून जेवले, सोलकढी तीनदा मागून घेतली आणि पान खायला बाहेर ओट्यावर जाऊन बसले. तेवढ्यात रस्त्यावर मुंबईची गाडी थांबली. आतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, "आजोबा, इथलं जेवण कसं आहे?" आजोबांनी मिशी पुसली, नीट विचार केला आणि म्हणाले, "वायट नाय." आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही, पण हे त्या बाईंना कोण सांगणार? मी पळीसकट बाहेर धावणार, तोच सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "रव. आपला आपण वाखाणूचा नसता." चुलीच्या धुराने डोळे चुरचुरत होते, हात सुटत नव्हता आणि तिकडे गाडीची काच वर जात होती. गाडी गेल्यावर आजोबा दारात आले, अगदी हिरमुसलेले: "गो, मी एवढा कवतिक केलंय, तरी गेली कशी?" काल माझ्या नव्या सुनेने, सातारच्या मुलीने, पहिल्यांदाच तसं सार केलं आणि मी घास घेताना ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. फार सुंदर झालं होतं. तेच सांगायला तोंड उघडलं, तर कुणीतरी मनगट धरल्यासारखं झालं आणि बाहेर आलं, "वायट नाय."