दिसलं तेवढं सांगणारे माणिकसर

माणिकसर ओरडत नसत. शाळेतला मास्तर आणि ओरडत नाही, हे बीदर जिल्ह्यातल्या, मराठी-कानडी सीमेवरच्या आमच्या कमलनगरात कुणाला खरं वाटायचं नाही. शिपाई रजेवर असला की हेडमास्तर व्हरांड्यात येऊन सरांना म्हणायचे, "सूर्यवंशी, तुमचा आवाज दांडगा. जरा इथूनच हाळी द्या, पोरं मैदानात जमू द्या." सर मान हलवायचे आणि एकेका वर्गाच्या दारात जाऊन, चौकटीला हात लावून, हळू आवाजात निरोप सांगून यायचे. तोवर निम्मा तास संपलेला असायचा. हेडमास्तर धुसफुसायचे. पण सरांचा इतिहासाचा तास असा की घंटा झाली तरी पोरं उठत नसत, त्यामुळे त्यांना फार काही बोलता यायचं नाही.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. स्वभावाने मी चौकस. घरचे म्हणायचे, दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते कळल्याशिवाय हिला घास उतरत नाही. नोकरीला लागून महिना झाला नसेल, तोच मी सरांना विचारून मोकळी झाले, "सर, तुम्ही कधीच कसे ओरडत नाही?"

"बाई," सर म्हणाले, "माझा बाप गावचा दवंडीवाला होता. माझ्या वाट्याचं बी तोच वरडून गेलाय."

मी हसले. सरही हसले, पण मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं गाव जनवाड्याच्या बाजूचं. धम्मदीक्षेच्या आधी हलगी वाजवून दवंडी द्यायचं काम त्यांच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या होतं. त्या कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. जत्रेच्या दिवसांत अमक्या गल्लीच्या लोकांनी नदीवर वरच्या अंगाला येऊ नये, अशी दवंडी असायची. ती गल्ली यांचीच. म्हणजे स्वतःच्या बायकोला आणि लेकराला पाण्यावर येऊ नका म्हणून या माणसाने भर चौकात ओरडून सांगायचं.

"आवाज त्याचा आन् हुकूम दुसऱ्याचा," सर म्हणाले. "दीक्षा घेतली त्या दिवशी बापानं हलगी ठेवली. पुन्यांदा मोठ्यानं बोलला न्हाई. भाकर मागायची तरी हळूच मागायचा. मी तवाच ठरवलं, आपला आवाज आपल्या मर्जीबिगर चढवायचा न्हाई."

सरांना एकुलता एक मुलगा, मिलिंद. तो बीदरला बारावीला होता आणि सुट्टीला कमलनगरला यायचा. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. बीदरच्या हवाई तळावरची शिकाऊ विमानं कधीमधी आमच्या डोक्यावरून जायची, तेव्हा सर शिकवता शिकवता थांबायचे. "त्यात बसलेला माणूस वरून खाली बघायलाय," ते म्हणायचे. "आमच्याकडं आजवर समदे वरूनच बघत आले. आता आमच्यातला एक वर बसू द्या." मिलिंदने वैमानिक व्हायचं हे ठरलेलं होतं. त्यासाठी त्याला सायन्सला घातलं, पहाटे उठवून पळायला लावलं, डोळे चांगले राहावेत म्हणून गाजरं खाऊ घातली. शेजारीपाजारी तर त्याला आतापासूनच 'साहेब' म्हणायचे. मिलिंद मान खाली घालून पुढे जायचा.

आता हबीबबद्दल सांगायला हवं. हा बीदरचा. रविवारी दुपारी जीपमध्ये रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर घालून यायचा आणि एका अडत्याच्या रिकाम्या गोदामात हिंदी पिक्चर दाखवायचा. खिडक्यांना पोती लावलेली, खाली पोती अंथरलेली, आणि वास तुरीच्या भुशाचा. ऐंशीच्या दशकातली ती मोठी करमणूक होती. एका रविवारी पिक्चरची टेप मशीनमध्ये गुंतली आणि तुटली. पैसे परत द्यावे लागतील म्हणून हबीबचा चेहरा उतरला. त्याचा भाऊ आखातात नोकरीला होता. त्याने तिकडच्या टीव्हीवरून भरून आणलेली एक कॅसेट हबीबच्या पिशवीत होती. ती त्याने घातली.

पडद्यावर चित्रांची माणसं आली. मोठाले डोळे, रंगीत केस. एक पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं ताडमाड लोखंडी माणसाच्या छातीत दार उघडून बसतं आणि तो लोखंडी माणूस चांदण्यांमध्ये उडत जाऊन लढाई करतो, एवढं कळलं. हबीब म्हणाला, चित्रं जपानची आहेत आणि बोली अरबांची. आता जपानची चित्रं, अरबांची बोली आणि बघणारे कमलनगरचे! लोक ओरडायला लागले, "अरे काय बोलायलेत ते? कोन कुनाला मारायलंय आन् कामून?"

माणिकसर पुढून तिसऱ्या ओळीत बसले होते. शेजारच्या म्हातारीला ते हळूच काहीतरी सांगत होते आणि ती "व्हय? असं व्हय?" करत होती. मागच्यांनी कान टवकारले. हबीब म्हणाला, "साब, जरा जोर से बोलो ना, पीछे सुनाई नै देरा."

आता सर उठून जातात, असं मला वाटलं. सर उठले खरे. पण ते गेले टीव्हीच्या बाजूला. लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि बोलले. काय आवाज होता तो! पोत्यांत अडकत नव्हता, पत्र्याला हादरवत नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत स्वच्छ पोचत होता. एक वाक्य मराठीत, तेच कानडीत, मग हबीबसोबत आलेल्या पोरांसाठी दखनी उर्दूत. "नोड्री, नोड्री", बघा, बघा, असं कानडीत म्हणत बोट दाखवायचे, तेव्हा मराठी माणसंही त्या बोटाच्या दिशेने बघायची.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलंच. हेडमास्तरांसाठी जो आवाज कधी निघाला नाही, तो कार्टूनसाठी कसा निघाला? सर म्हणाले, "हेडमास्तरांचा हुकूम होता, बाई. इथं लोकांनी इचारलं. हुकूम आन् इचारणं यात लई फरक हाय."

मग दर रविवारी त्याच कॅसेटचा पुढचा थोडा भाग, असं सुरू झालं. हिंदी पिक्चर मागे पडले. बायका स्वयंपाक लवकर उरकून येऊ लागल्या. सरांचा एक नियम होता: "दिसलं तेवढं सांगतो. न दिसलेलं सांगाया मी जोतिषी न्हाई." लोक मधेच विचारायचे, यात शत्रू कोण? सर म्हणायचे, "अजून कळंना गेलंय. आत्ता तर दोनी बाजूचे जेवायलेत." पोराला नाव द्या म्हणून गलका झाला, तेव्हा म्हणाले, "नाव ठेवायचा मान त्याच्या मायबापाचा." मलाही या भानगडीत ओढलं गेलं. रस्त्यात शेतकरी थांबवून विचारायचे, "बाई, त्या चांदणीवर जमीन असती का? काळी का मुरमाड? तूर येती का?" मी सूर्य आणि तारे समजावून सांगायचे. त्यांचं समाधान होत नसे. खरं सांगायचं तर माझंही होत नसे. इतकी वर्षं तारे शिकवले, पण तिकडे कुणी आपल्यासारखंच जेवायला बसलं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. घरी जाताना मी चक्क वर बघत चालायला लागले.

दिवाळीच्या सुट्टीत मिलिंद आला होता. त्या रविवारी तो गोदामात दाराजवळ उभा होता. पडद्यावर मागची हकीकत आली. पांढरा कोट घातलेला एक दाढीवाला माणूस त्या पोराला लोखंडी माणसापुढे उभं करतो. पोरगं मागे सरकतं. दाढीवाला त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि हळूच पुढे ढकलतो.

"हा बाप हाय," सर सांगत होते. "हे यंत्र यानंच केलंय. बघा, खुर्ची पोराच्या मापाची हाय. तो म्हणायलाय, बाळा, तुझ्यासाठीच केलंय, बस."

पुढची म्हातारी हात जोडून म्हणाली, "मारुतीच्या छातीत राम बसावा तसं बसलंय लेकरू."

"आजी," सर म्हणाले, "राम आपल्या मर्जीनं बसला आसंल. ह्याला बसवलाय."

लोक हसले. आणि दारातून मिलिंदचा आवाज आला. शाळेतली सवय म्हणून तो चारचौघांत वडिलांना सरच म्हणायचा. "सर, त्या पोराला इचारलं का कुनी? त्याला बसायचंय का न्हाई ते?"

त्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. खरंच माहिती हवी तसं त्याने विचारलं होतं. काही पोरं हसली, आणि मग हसायचं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. सर लेकाकडे बघत राहिले. पडद्यावर लढाई जुंपली, लोखंडाचे तुकडे उडाले, माणसं अरबीत किंचाळली, पण सांगणारा गप्प होता. हबीब हळूच म्हणाला, "साब, बोलो ना." सर म्हणाले, "आज बस झालं," आणि चपला घालून बाहेर पडले. मिलिंद दाराच्या कडेला सरकून त्यांना वाट देत उभा राहिला.

पुढचा आठवडाभर सर मधल्या सुट्टीत एकटेच बसायचे. मी चार-पाच वेळा चहाच्या निमित्ताने त्यांच्याजवळ घुटमळले. शेवटी तेच बोलले. "बाई, तो पांढऱ्या कोटवाला ध्यानात हाय का? वाईट माणूस न्हाई तो. पोरावर लई जीव हाय त्याचा."

"मग?" मी म्हटलं.

"मंग काय. जीव हाय म्हणून तर इचारायचं राहून गेलं." त्यांनी बशीतला चहा तसाच ठेवला. "माझ्या बापाच्या गळ्यात लोकांनी हलगी अडकवली. मी माझ्या पोराच्या गळ्यात विमान अडकवलं. माझं चमकतंय, एवढाच फरक." त्यांच्यासारख्या माणसाने असं म्हणावं, याचं मला वाईट वाटलं, आणि त्यांचं म्हणणं खोडताही येईना.

ती कॅसेट पुरी नव्हतीच. पुढच्या रविवारी सर पुन्हा टीव्हीशेजारी उभे राहिले आणि गोष्ट अगदी शिगेला पोचली. लोखंडी माणूस एका उजाड ताऱ्यावर गुडघे टेकून बसला, त्याच्या छातीचं दार उघडलं, पोराने एक पाय बाहेर काढला, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. भरणाऱ्याची टेप तिथेच संपली होती. गोदामात हलकल्लोळ झाला. "सर, पुढं काय? जिंकला का मेला? कायबी सांगा, पर शेवट करा!" दुसरा कुणी असता तर त्याने फक्कड शेवट रचून दिला असता. सर म्हणाले, "दार उघडलं आन् एक पाय भाईर आला, एवढं दिसलं." लोक कुरकुरत उठले. हबीबला तर वाटलं सरांनी त्याचा धंदा बुडवला.

पुढे माझी बदली गुलबर्ग्याला झाली. दोन-तीन वर्षांनी सर गेल्याचं पत्र आलं. मी त्या दिवशी शाळेत रडले आणि नव्या सहकाऱ्यांना ते कोण हे नीट सांगताच येईना. भावकीचे नव्हते, गुरू नव्हते, एका शाळेतले मास्तर होते. पण मला ते आठवतात ते त्या हिवाळ्यातल्या सकाळी कमलनगरच्या बसस्टँडवर.

हवाई दलाची परीक्षा हैदराबादला होती. सर आणि मिलिंद सकाळच्या गाडीने निघाले होते. मीही त्याच गाडीने बीदरला शिक्षण खात्याच्या ऑफिसात जाणार होते. मिलिंदच्या अंगावर नवा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. निरोपाला गल्लीतली माणसं आली होती, कुणीतरी हारही आणला होता. गाडी लागली. कंडक्टर "हैदराबाद, हैदराबाद" करत टपावर सामान लावून उतरला. मिलिंदने बॅग उचलली आणि कुणी न्यायला आल्यासारखा तो दाराकडे चालू लागला.

सरांनी त्याच्या दंडाला धरलं. "मिल्या," ते म्हणाले, "कुठं जायचंय तुला?"

मिलिंदला प्रश्नच समजला नाही. "हैदराबादला, अण्णा."

"ही गाडी हैदराबादला जायलीय. तुला कुठं जायचंय?"

पोराने वडिलांकडे पाहिलं. मग हार घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे. "मला न्हाई माहीत, अण्णा," तो म्हणाला. "खरंच न्हाई माहीत."

कंडक्टरने शिट्टी तोंडात धरली. "सर, यायलाव का न्हाई?"

"जाऊ द्या गाडी," सर म्हणाले. मी खिडकीपाशी बसले होते. हारवाला माणूस अवघडून बाजूला झाला. गाडी हलली, तेव्हा सरांनी लेकाच्या हातातली बॅग घेऊन बाकावर ठेवली होती आणि ते त्याला शेजारी बसवत होते.

"बरं झालं सांगितलास," ते म्हणत होते. "मला तुझ्या वयात कुणी इचारलं न्हवतं. तुला इचारलंय. आता सावकाश सांग."