दोरीपलीकडच्या चपला

अमेरिकेतल्या चँडलरहून निघताना माझी नात इरा गाडीत बसली आणि तिची नजर आधी माझ्या पायांकडे गेली.

"आबा, नॉट दोज! दे आर सो लाउड!"

पायांत कोल्हापुरी चपला होत्या, तेल पाजलेल्या, कर्रकर्र वाजणाऱ्या. मुलानं, मंदारनं, घेऊन दिलेल्या स्पोर्ट्स शूजमध्ये मला पाय कोंडून घातल्यासारखे वाटतात. पण चारचौघांत मी कर्रकर्र करत चाललो की इरा हळूच पुढे सटकायची. पुढच्या आठवड्यात माझं परतीचं विमान होतं आणि एवढ्या मुक्कामात घराबाहेर तिनं एकदाही माझा हात धरला नव्हता. हे मनाला लागलं होतं, खोटं कशाला सांगू?

फिनिक्स मागे पडलं तसे उंच निवडुंग हात वर करून उभे दिसू लागले. मंदार आम्हाला जुनं खेडं दाखवायला नेत होता. या भागात पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या गोऱ्या लोकांची घरं जागोजागहून आणून एका माळावर मांडलेली. शाळा, लोहाराची भट्टी, शेरीफची कचेरी, एका खोलीचं केबिन (ओंडक्यांचं घर).

"शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे हे सगळं, आबा. ओरिजिनल!" मंदार म्हणाला.

मी मान डोलावली. आमच्या गल्लीतला मारुती याहून कितीतरी जुना, पण त्याला अजून कुणी तिकीट लावलेलं नाही.

झालरीची टोपी घातलेल्या एका बाईंनी चुलीवरचा कॉर्नब्रेड (मक्याचा जाडसर, गोडूस पाव) दिला. बरा होता. सोबत ठेचा असता तर बहार आली असती.

पुढे पांढरं लाकडी चर्च लागलं. सवयीनं पायरीशी चपला काढल्या, आत जाऊन हात जोडले. देव कुणाचा का असेना, पायताण बाहेरच. बाहेर येतो तर चपला गायब! म्हणजे सातासमुद्रापलीकडेही हीच तऱ्हा? मला हसू फुटलं. मग खडीवर पाय टेकला आणि हसू पळालं.

"तुम्ही थांबा, मी ऑफिसमध्ये चेक करतो," मंदार म्हणाला. मी कसला थांबतोय! आई गं, आई गं करत त्याच्या मागे निघालो. वाटेत चांभाराची झोपडी होती. सहज आत डोकावलो, तर दोरीपलीकडे टेबलावर, जुन्या बुटांच्या रांगेत, माझ्या चपला विराजमान! माणसं वाकून वाकून फोटो काढत होती आणि जुन्या वेशातले पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ त्यांना इंग्रजीत समजावत होते, "वाळवंटातल्या उन्हाळ्यात ते लोक असंच काहीतरी घालत असणार."

मी इराकडे पाहिलं. ती लालबुंद झाली होती. आता ही पळणार, अशी माझी खात्रीच झाली. पण ती दोरीखालून आत घुसली आणि चपला छातीशी धरून ओरडली,

"दीज आर माय आबाज! ही टुक देम ऑफ बिकॉज इट्स गॉड्स हाउस!"

दाढीवाले ओशाळले. कुणा मुलानं इथली वस्तू उचलून चर्चपाशी टाकली, असं वाटून त्यांनीच त्या आणल्या होत्या. त्यांनी माझी पुन्हा पुन्हा माफी मागितली.

"दे इव्हन टॉक," इरानं त्यांना ऐटीत सांगितलं. "आबा, शो देम!"

मी फळ्यांवरून कर्रकर्र एक फेरी मारली. टाळ्या पडल्या. बाहेर पडताना इरानं माझं बोट धरलं होतं, ते गाडीपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात विमानतळावर गंमत पाहिली. तपासणीच्या रांगेत झाडून सगळी अमेरिका बूट काढून उभी! म्हटलं, या कामात मला कुणी शिकवायला नको. चपला ट्रेमध्ये ठेवून रुबाबात पलीकडे गेलो. पण मन मागेच, दोरीपाशी थांबलेल्या मंदार-इराजवळ, घुटमळत होतं. चष्मा, पासपोर्ट, पिशवी गोळा केली आणि तसाच अनवाणी चालू लागलो.

तेवढ्यात मागून, दोरीच्या पलीकडून, अख्ख्या रांगेच्या माना वळतील असा आवाज आला.

"आबाऽऽ! चपला विसरला!"

इतक्या लोकांत, इतक्या मोठ्यानं, आणि मराठीत. माझे डोळे भरून आले. परत फिरलो, चपला पायांत सरकवल्या आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं, जोरजोरात कर्रकर्र करत विमानाकडे निघालो.